चांदूरकर सरांची शेवटची इच्छा

सुमनवहिनी, ऋचा, आणि इथे जमलेले सगळे,

दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसावं. खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला आज बोलणं जड जातंय. जन्मभर वर्गात बोलले, पण मनोहर चांदूरकरांच्या फोटोला हार आणि त्याच्या शेजारी मी माइक धरून उभी, अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. फोटोत ते हसतायत. शोधून काढला असणार. कॉलेजात ते सहसा हसत नसत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही एम.एस्सी.ला एका वर्गात होतो. त्यांनी शुद्ध गणित घेतलं, मी उपयोजित. मग अमरावतीच्या याच कॉलेजात, एकाच विभागात, शेजारशेजारच्या टेबलांवर बसून निवृत्त होईपर्यंत भांडलो. वर्गात सर छापील मराठी बोलायचे, स्टाफरूममध्ये अस्सल वऱ्हाडी. म्हणायचे, "बाई, तुमचं गणित म्हंजे नळ दुरुस्ती हाये." मी म्हणायचे, "असू द्या. तुमच्या नळाला तर पाणीच येत नाही."

आता मुद्द्यावर येते.

माझ्याआधी तिघं बोलले. तिघंही सरांचे विद्यार्थी. चांगलं बोलले. पण तिघांनीही एकच सांगितलं. सरांची शेवटची इच्छा होती, की नातीनं इथे येऊन, त्यांच्या विभागात, शुद्ध गणित घ्यावं. ती इच्छा पूर्ण करणं हीच म्हणे खरी श्रद्धांजली. प्राचार्यांनी ऋचासाठी जागा राखल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

ऋचानं मान खाली घातली. तुम्हाला वाटलं, पोरीला भरून आलं. मी तिच्या शेजारी बसले होते. भरून वगैरे काही आलं नव्हतं. ओढणीचं टोक मुठीत आवळून बसली होती. तिला अकोल्याला, घरी राहून, उपयोजित गणित घ्यायचंय. विषय निवडायची मुदत शनिवारी संपते. आणि आता एकीकडे आजोबांचा फोटो, दुसरीकडे तुम्ही सगळे. काय करेल ती?

सरांची शेवटची इच्छा. कोणाला सांगितली त्यांनी? कधी? निवृत्तीच्या सत्कारात ते तसं बोलले होते, हे खरं. मी तिथेच होते. पण त्यानंतर माणूस विचार करायचं सोडून देतो का?

निवृत्तीनंतर सर अकोल्याच्या घरी राहायला गेले. गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला तिथे गेले. पलंगावर पडून होते. आवाज बारीक झाला होता, पण तोंड सुरूच. म्हणाले, "बाई, आमच्या नळाले पाणी आलं."

अकोल्याच्या लोकांना यातलं महत्त्व सांगायला नको. कित्येक दिवसांनी नळ येणार म्हणून तिथे लोक लग्नाला जायचं रद्द करतात. सरांचं घर गल्लीच्या टोकाला. आधीच्या घरांतून मोटारी लावून पाणी ओढतात, यांच्याकडे येते ती करंगळीएवढी धार. ऋचानं पाइपांची जाडी, घरांची उंची, कोणाची मोटार केव्हा सुरू होते, सगळं पाहिलं. समीकरणं मांडली. कोणता व्हॉल्व्ह आधी उघडावा ते काढलं आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाच्या मागे लागून तसं करवून घेतलं. टोकापर्यंत पाणी आलं.

सरांनी काय विचारावं? "तुह्या समीकरणाले उत्तर हाये, हे आधी सिद्ध केलं का?"

ही म्हणाली, "आबा, बादली भरली ना? मंग उत्तर हाये!"

हे सांगताना सर इतके हसले, की खोकला लागला. वहिनी आतून धावत आल्या. वहिनी, खरं ना? बघा, मान हलवतायत. मी उपयोजितवाली, माझ्या सोयीचं सांगेन असं कोणाला वाटत असेल, तर सभेनंतर वहिनींना विचारा.

मग खोकला थांबला. म्हणाले, "मी दोन रोज पडल्या पडल्या ते सिद्ध करून राह्यलो होतो. उत्तर असते. मले त्यात लई मजा आली. तिले नाही येत. तिले बादली भरली की मजा येते. मंग पोट्टीले माह्या खुर्चीवर कायले बसवता?"

मी म्हटलं, "मी कुठे बसवतेय? तुम्हीच सत्कारात बोलून ठेवलंत. आता तुम्हीच सांगा तिला."

"मी सांगतलं तर तिले वाटन, म्हातारा रुसला. तुमी सांगा, बाई. तुमाले कोनी प्रेमळ समजत नाही, तुमच्यावर इस्वास ठेवन."

हे शेवटपर्यंत असंच बोलायचे माझ्याशी.

तिची परीक्षा संपली की सांगू, असं ठरवलं. परीक्षा संपायच्या आत सर गेले. मग वाटलं, तेरावा होऊ दे, घरी जाऊन शांतपणे सांगीन. पण आज तिला चारचौघांत बांधलंत. जे माइकवर बांधलं, ते माइकवरच सोडावं लागतं. म्हणून इथे सांगितलं.

प्राचार्य साहेब, ती जागा अशा पोराला द्या, ज्याला उत्तर आहे की नाही एवढ्याचसाठी झोप लागत नाही. असं एखादं पोर दर्यापूरकडून, धारणीकडून येतंच. सर त्याच्यावर जीव टाकतील. टाकला असता.

आणि ऋचा, शनिवारी जा. तुला हवं ते निवड. आबांना तुझं म्हणणं पोचलं होतं, पटलं होतं, आणि आवडलंही होतं.

घरून निघताना छातीवर दगड होता. आता हलकं वाटतंय. सरांना जाऊन महिना झाला नाही आणि मला हलकं वाटतंय, याची मला लाज नाही. ते गेले तेव्हा त्यांच्याही मनावर काही उरलेलं नव्हतं. त्या भेटीत मी पाहिलंय.

फळ्यावर सिद्धता पूर्ण झाली, की सर खडू ठेवायचे आणि वर्गाकडे पाहत गप्प उभे राहायचे. त्या वेळी कोणी वही उघडलेली, पान उलटलेलं त्यांना चालायचं नाही. आपण सगळे त्यांच्यासाठी तसेच उभे राहू या. दोन मिनिटं.

ऋचा, तू मान खाली घालू नकोस. वर बघून उभी राहा.