अर्धा पक्षी

ती: चष्मा पुसा आणि नीट बघून सांगा, ह्यातली विटकरी लडी कुठली?

तो: ही. लाल.

ती: लाल नावाचा रंग माझ्या डब्यात नाही. ही विटकरी आणि ती किरमिजी. दोन वर्षं माझ्या शेजारी बसून काय शिकलात?

तो: गाडीत बसल्यावर तोंड बंद ठेवायला शिकलो. पण आता तूच विचारतेस म्हणून बोलतो. आईंनी त्यांच्या कापडावर घराचं अर्धं छप्पर किरमिजी भरलं आणि अर्धं विटकरी. का, तर त्यांचा दोरा संपला. ठीक आहे. तुझ्याकडे डबाभर दोरा आहे. तू रंग का बदललास?

ती: कारण ही नक्कल आहे. नक्कल करायची म्हणजे टाक्याला टाका. तिचं दार मधोमध नाही, माझंही नाही. तिच्या झाडाला डावीकडे एक फांदी कमी, माझ्याही. ती चुकली तिथे मी चुकायचं.

तो: बाटल्यांच्या कारखान्यात मी तपासनीस असताना कोणी असं बोललं असतं ना, तर गेटाबाहेर काढलं असतं. एका बाटलीला तडा गेला म्हणून पुढच्या बाटलीला मुद्दाम तडा द्यायचा!

ती: बाटलीला कुणाची आठवण येते का? जरा सरका तिकडे, कोपर लागतंय. वळण आलं की सुई वर धरावी लागते, नाहीतर बोटात जाते.

तो: मग घरी नाही का करायचं? खिडकीजवळ खुर्ची आहे, दिवा आहे. चहाच्या पाण्यात कापड बुडवून जुनं दिसेल असं केलंस, माझं अख्खं पातेलं काळं केलंस, ते सगळं घरीच झालं ना? हा पक्षीच तेवढा गाडीसाठी राखून ठेवलास.

ती: राखून नाही ठेवला. धीर होत नव्हता.

तो: पक्षी भरायला धीर?

ती: अहो, आईचा दुसरा पक्षी अर्धाच आहे. एक पूर्ण, चोच, शेपटी, डोळा सगळं. आणि समोरचा नुसती पाठ आणि शेपटी. दोरा संपला असणार, बाकी काय. नक्कल करायची तर माझाही अर्धाच ठेवायला हवा. पण मग मनात आलं, तिचं कापड आज ताईकडे जाणार. माझ्याकडे हेच राहणार. निदान माझ्यातला तरी पुरा करावा.

तो: म्हणजे इथे मात्र आईंची चूक सुधारायची.

ती: ही चूक नाहीये. राहून गेलेलं आहे. फरक असतो.

तो: असेल. मी बापडा काय बोलणार.

ती: आज हात किती छान चाललाय बघा. कापडसुद्धा कसं मऊ लागतंय हाताला. सुई अडत नाहीये कुठे.

तो: काल रात्री इस्त्री कुणी केली?

ती: केलीत हो, केलीत. किती वेळा सांगाल. ताईला पण सांगा, जेवणाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

तो: ताईंना काय सांगायचं त्याची तू काळजी कर. दोन वर्षं झुलवलंस त्यांना. मागच्या वेळी फोनवर काय म्हणाल्या, ‘टाके मोजतेय की माझा अंत पाहतेय?’

ती: तिचं काही चुकलं नाही. आई गेली तेव्हा आमच्या घरातल्या कपाटापासून कानातल्यांपर्यंत कशालाच तिने हात लावला नाही. म्हणाली, मला काही नको, फक्त ते अक्षरांचं कापड दे. आणि मी काय म्हटलं? थांब, आधी मला एक तसंच करून घेऊ दे. सहा महिन्यांत देते.

तो: आणि झाली दोन वर्षं.

ती: एकदा द्यायचं म्हटलं की हात पुढे होत नव्हता, काय करू! आता मात्र आज संध्याकाळपर्यंत तिच्या हातात. कानाला खडा.

तो: बरं. झाला का पक्षी?

ती: पोट झालं, पंख झाला, चोच झाली. आता डोळा. काळ्या दोऱ्याची एक फुली की संपलं. तोवर हे धरा जरा, मी काळी लडी शोधते. रिंगसकट धरा. चुरगळू नका.

तो: चुरगळतोय कशाला. हं. समोरून झकास. अगदी जुनं वाटतं. तुझ्या चहाला मार्क दिले पाहिजेत.

ती: उलटं करून बघू नका.

तो: अगं, सवय आहे. बाटली हातात आली की बूड बघायचं. खरं काम बुडाशी दिसतं.

ती: मग बघा. माझ्या कापडाची पाठ पुढच्या बाजूसारखी असते. एक गाठ सापडली तर नाव बदलेन.

तो: काय ठेवू?

ती: म्हणजे?

तो: नाव. इथे गाठ आहे. ही बघ. आणि ही. छपरामागे तर चार-पाच आहेत.

ती: काहीतरीच काय. मी जन्मात गाठ मारत नाही. दोऱ्याचं शेपूट टाक्याखालून ओढून घेते. आणा इकडे.

तो: घे. मी म्हणतो ना, गाठी आहेत.

ती: ह्या माझ्या नाहीत.

तो: मग कुणाच्या?

ती: आई गाठी मारायची.

तो: हो, तूच सांगायचीस. पाठीमागे नुसता गुंताडा म्हणून.

ती: अहो. आई गाठी मारायची.

तो: आता दोनदा… अरे देवा.

ती: ती बॅग काढा. वरची. काढा लवकर! त्यातला पांढरा अभ्रा. आधी काढा, मग बोला.

तो: काढतो, काढतो. अहो काका, जरा पाय बाजूला घेता का, तुमच्या डोक्यावरची बॅग हवीये. हा घे. ह्यात काय…

ती: पाठ बघा त्याची.

तो: स्वच्छ. एकही गाठ नाही.

ती: हे माझं आहे. मी सकाळपासून आईच्या कापडावर पक्षी भरतेय.

तो: पण निळ्या अभ्र्यात तुझं होतं ना?

ती: होतं! तुम्ही इस्त्रीला काढेपर्यंत होतं!

तो: मी अभ्र्यांनाही इस्त्री केली. चांगलं दिसावं म्हणून. मग घडी केली आणि… आता मला काय ठाऊक, दोन्ही एकाच आईची लेकरं असल्यासारखी दिसत होती. तूच तशी केलीस! छप्पर तसं, दार तसं, चहा वर!

ती: माझ्याच हाताने मी हे केलं. मऊ लागतंय, मऊ लागतंय म्हणत बसले. मऊ लागणारच, पन्नास वर्षांचं कापड ते! एवढं हातात घेऊन कळू नये मला?

तो: रडू नकोस. अगं, लोक बघतायत.

ती: बघू देत.

तो: उसवता येईल. छोटी कात्री आहे ना तुझ्याकडे? मी धरतो, तू उसव.

ती: नाही येणार. हे मॅटीचं कापड विरलंय. नवा दोरा ओढला की जुना त्याच्याबरोबर येणार, आणि भोकं पडणार ती वेगळीच. आईने भरलेली पाठ आणि शेपटी पण जाईल. नको, कात्री आत ठेवा.

तो: मग एक सांगू? रागावू नकोस.

ती: सांगा.

तो: तुझ्यातला पक्षी अजून अर्धाच आहे. छप्पर, दार, फांदी, सगळं जसंच्या तसं. तेच ताईंना दे. समोरून बघून तुलासुद्धा कळलं नाही, त्यांना काय कळणार? त्यांना आता दिसतंही कमी.

ती: कात्री ठेवलीत आत?

तो: ठेवली. मी आपलं सुचवलं.

ती: मला पण तेच सुचलं होतं. तुमच्या आधी.

तो: मग?

ती: मग काय. खिडकी लावा, डोळ्यात वारा जातोय.

(ताईचं घर. दुपार. टेबलावर दोन अभ्रे, एक निळा, एक पांढरा.)

ताई: आलीस एकदाची. मला वाटलं, आता मी गेल्यावरच आणून देणार. पाहुणे, तुम्ही असे भिंतीला टेकून का उभे? बसा की.

तो: उभाच बरा आहे, ताई.

ताई: हिने काही केलंय का तुम्हाला?

तो: आज मीच केलंय. इस्त्री केली मी.

ताई: इस्त्री? मग त्यात एवढं तोंड पाडायचं काय?

ती: ताई, तू बस आधी.

ताई: बसलेच आहे. दे, कुठल्यात आहे? ह्या पांढऱ्यात?

ती: नाही. पांढऱ्यातलं माझं आहे. तुझं निळ्यातलं. थांब, काढू नकोस. आधी ऐक. तुला द्यायचं त्याच्यावर मी… गाडीत माझं समजून मी त्याच्यावर टाके घातले. अदलाबदल झाली. दोन्ही अगदी सारखी झाली होती गं. कळलं तोवर अर्धा पक्षी पुरा झाला होता. उसवायला गेले तर कापडच जाईल. तुझं एकच मागणं होतं आणि तेही मी धड ठेवलं नाही. बोल मला काय बोलायचं ते.

तो: इस्त्री माझी होती, ताई. तिचं एकटीचं नाही.

ताई: तुम्ही गप्प बसा हो जरा. तो चष्मा दे. तो नाही, जवळचा.

ती: हा घे.

ताई: कुठाय… हं. हा आपला जुना. आणि हा समोरचा. अगं बाई. चोच केलीस?

ती: केली.

ताई: पोट विटकरी का?

ती: पहिल्याचं विटकरीच आहे ना, म्हणून.

ताई: बरोबर आहे. ह्याचंही विटकरीच करायचं होतं. आई म्हणाली होती मला.

ती: तुला? कधी?

ताई: अगं, हे माझ्यासाठीच तर करत होती ती. मला अक्षरं शिकवायला. रोज एक अक्षर भरायची, मी बोट फिरवायचे. अक्षरं संपली, आकडे झाले, मग म्हणाली, आता तुझ्यासाठी घर काढते आणि घरावर दोन पक्षी. एक पुरा झाला आणि दुसरा अर्ध्यावर थांबला.

ती: दोरा संपला म्हणून.

ताई: कोण म्हणालं? दोरा होता की. तू रांगायला लागलीस.

ती: मी?

ताई: हो, तू. जमिनीवर दिसेल ते तोंडात. एक दिवस सुईच सापडेना. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तुला उलटी धरली, तोंडात बोटं घातली, चटई झटकली, रडारड. आणि सुई निघाली माझ्या फ्रॉकच्या घेरात अडकलेली. पण त्या दिवशी डबा जो कपाटावर गेला तो गेलाच. हिला समज येऊ दे, मग करते म्हणाली.

तो: आणि समज यायला एवढी वर्षं लागली.

ती: अहो!

ताई: बोलू दे गं त्यांना. खरंच आहे. आणि मी तुझ्यावर किती फुगून बसले होते माहितीये? चार महिने तुझ्याशी खेळले नाही. माझा पक्षी हिच्यामुळे राहिला म्हणून. पुढे मोठी झाले, सगळं विसरले, पण हे कापड बघितलं की थोडं दुखायचंच. तुला कधी बोलले नाही.

ती: कशी बोलशील. मला तरी काय कळलं असतं.

ताई: वेडाबाई, रडतेस काय अशी? टाके बघ तुझे. आईचे कुठे संपले आणि तुझे कुठे सुरू झाले, मला तर सापडत नाहीये.

तो: उलटं केलं की सापडतं, ताई.

ताई: तपासनीस आहात खरे. आणि हे पांढऱ्यातलं? ह्यातला पक्षी अर्धाच?

ती: ते माझं. आता अर्धाच ठेवणार. आईने ठेवला होता तसा.

तो: म्हणजे अस्सल पुरं आणि नक्कल अर्धी. मला ह्यातलं काही कळत नाही, पण जेवायला मिळेल का?

ताई: मिळेल, पाच मिनिटं थांबा. का गं, ह्याला डोळा नाही घातलास?

ती: घालणार होते. तेवढ्यात ह्यांनी कापड उलटं केलं.

ताई: आंधळा ठेवतेस की काय माझा पक्षी. काळा दोरा आहे?

ती: आहे. थांब, मी घालते, एकच फुली आहे.

ताई: तू नको. तुझं झालं. मी घालते. मला फक्त ओवून दे, सुईचं भोक दिसत नाही आता.

ती: हे घे. शेवटाला दोरा तसाच सोडू की गाठ मारून देऊ?

ताई: मार. आई मारायची.