मामांनी दात बघून घेतलेला रेझर

माझ्या दाढीला हसू नका, ही आमच्या मामांची कृपा हाय. मामांची सगळी हयात बैलबाजारात गेली. मी जुन्या पद्धतीचा, ब्लेड घालायचा रेझर घ्यायला लातूरला निघालो, तर म्हणले, "पहिल्यांदाच घ्यायलास, मी येतो."

दुकानदारानं दोन रेझर पुढं ठेवले. एकाची कड सपाट, दुसऱ्याला कंगव्यासारखे दात.

"नवीन माणसाला सपाटच बरा," दुकानदार म्हणला.

मामांनी दातांवरून अंगठा फिरवला. "बैलाला आठ असतेत, ह्याला चौदा हायेत! हाच घे."

"मामा, हे जनावर न्हाई."

"तोंडाशीच काम हाय ना? मग दात बघूनच घ्यावं."

दुसऱ्या दिवशी गालावर पेपरचे चार तुकडे चिकटवून मी मामांपुढं उभा. "बघा तुमचा चौदा दाती माल!"

मामांनी माझा जबडा धरला, तोंड इकडं-तिकडं वळवून बघितलं, अन् मामीला म्हणले, "रेझर बेस हाय. गोऱ्हाच नवा हाय, जू ठेवलं की मान झटकायलाय."