उर्होचा एकशे चोपन्न इंची पट्टा

—नाही नाही, पेल्टिएर, आधी बसा. त्या टायरवर बसा. तुम्हाला स्नोमोबाइलचा खालचा फिरता पट्टा लांब करून हवाय ना — देते करून, तीस वर्षं याच शेडमध्ये दुसरं काय केलं मी? — पण हवाय कशाला? रुतते म्हणून? मग रुतू दे की! हसताय काय? उर्होचं ऐका. माझा नवरा हो, लाल टोपीवाला. दर शनिवारी हा तळ्यावर मासे धरायला निघणार, मैलभर जाणार, गोठलेल्या दलदलीतल्या मऊ बर्फात रुतणार आणि मला फोन — “लेम्पी, फावडं घेऊन ये.” मी शिव्या घालत जायची, पण फावड्याबरोबर कॉफी आणि बटाटा-मांसाच्या पेस्टी घेऊन जायची. तासभर उकरायचं, मग सीटवर पाठीला पाठ लावून खायचं. आणि तिथे हा बोलायचा! घरात याचे शब्द तीन — हो, नको, मीठ. दलदलीत मात्र नुसता धबधबा. लग्नाच्या सकाळी हा पळून जाणार होता, पण बूट सापडले नाहीत — हे मला सव्वीस वर्षांनी कळलं, कमरेएवढ्या बर्फात!

मग एका हिवाळ्यात माझी कंबर धरली. म्हटलं, पुरे झालं. एकशे एकवीस इंचांचा पट्टा काढला, एकशे चोपन्नचा चढवला. पट्टा ज्यांच्यावर सरकतो त्या रुळांना मागे जोड दिले, चाकं मागे सरकवली, स्प्रिंगा बदलल्या. काम असं झालं म्हणता — गाडी रुतेचना! फक्त वळेना. घरापाशी यायचा, वळण हुकायचं, की खिडकीसमोरून हात हलवत पुढे. थेट तळ्यावर जाऊन वळायचा, आणि परत येताना उलट्या बाजूने हात हलवत पुढे. चार-चार फेऱ्या! शेजारीण म्हणते, “उर्हो किती प्रेमळ झालाय गं.” प्रेमळ! इकडे सूप गार.

आणि बोलणं संपलं. दोन हिवाळे झाले. परवा तर ‘मीठ’सुद्धा म्हणाला नाही, नुसतं बोट दाखवलं.

मग मी काय करणार? काही नाही केलं. — हे बघा, मागच्या सस्पेन्शनला पुढच्या अंगाला एक पट्टी असते, गाडीचं नाक खाली धरून ठेवणारी. तिला भोकं असतात. ती सैल सोडली की नाक वर, बूड खाली, मग लांब गाडीसुद्धा मऊ बर्फात स्वतःचा खड्डा स्वतः खणते. बाहेरून कुणाला कळतही नाही. दोन भोकं सोडली तरी पुरे. मी तीन — म्हणजे, एखाद्याने तीन सोडली तर. — असं काय बघताय? सर्व्हिसिंग होतं ते! ऊन पडलंय, दलदल मैलभरावर आहे, सकाळी निघताना मी त्याला दोन-दोन स्वेटर चढवलेत मुद्दाम —

थांबा, फोन वाजतोय.

उर्हो? ... कुठे? ... अगं बाई, कमरेपर्यंत? ... काय? कुणी सांगितलं तुला हे? ... मग तो काय म्हणाला? ... नको नको, सगळी गोष्ट फोनवर नको संपवूस. आलेच मी!

उठा, पेल्टिएर. शेड बंद. — तुमची गाडी सोमवारी बघू. — काय? तुमच्याकडे ओढायचा दोर आहे? पाच मिनिटांत काढाल? ... खबरदार तिकडे फिरकलात तर! घरी जा.