दोन कफिलांचा शिपाई

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सन्माननीय गिरीश प्रभुदेसाईसाहेब, मंचावरील आमचे ट्रान्सपोर्ट सुपरवायझर हाशिर चौगुले, सत्कारमूर्ती ताजुद्दीनभाई, आणि या मेसच्या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

उद्या ताजुद्दीनभाई बाणकोटला कायमचे जाणार. दोन शब्द मी बोलावेत असं ठरलं, कारण कुवेतच्या लढाईचे ते महिने मी त्यांच्या पाण्याच्या टँकरवर दुभाषा होतो. खरं सांगायचं तर लढाई संपून तीन महिने होत आले, तरी मला अजून आनंदही होत नाही आणि दुःखही. पण घडलं ते सांगतो.

आपले टँकर धाहरानबाहेर ज्या अमेरिकन तुकडीला पाणी पुरवायचे, तिचा सार्जंट हॅल्व्हर्सन. आपल्या गावी हा गृहस्थ शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचा. ताजुद्दीनभाईंनी विचारलं, "मास्तर, तुम्ही फौजेत कसे?"

तो म्हणाला, "मी राज्याच्या गार्डचा, म्हणजे राखीव फौजेचा. पूर आला, वादळ झालं, की आमचा गव्हर्नर आम्हाला बोलावतो. लढाई असली की राष्ट्राध्यक्ष."

मी मराठीत सांगितलं, की त्यांचा गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा दिल्लीहून नेमलेला नसतो, लोकांनी निवडलेला असतो. ताजुद्दीनभाई विचारात पडले. "आपला पासपोर्ट ठेवणारा मालक, कफील, एकच. म्हणजे याला दोन कफील! आणि दोघांनी एकदम बोलावलं तर?"

सार्जंट पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "राज्याचे अधिकार वेगळे, केंद्राचे वेगळे, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहितोय. पण माणूस तर एकच ना? मागे एका राज्याचा गव्हर्नर याच मुद्द्यावर कोर्टात गेला होता. माझी माणसं परदेशी पाठवायची नाहीत, म्हणाला. गेल्या जूनमध्ये निकाल लागला. गव्हर्नर हरला."

"मग तुमचा मोठा कफील कोण ते ठरलं," ताजुद्दीनभाई म्हणाले, आणि पाइप जोडायला गेले.

फेब्रुवारीत सार्जंटच्या गावच्या नदीवरचा बर्फ फुटला आणि पूर आला. गावाकडे मोठे ट्रक नव्हते, होड्या नव्हत्या. गार्डचं ते सगळं सामान इथे होतं, वाळवंटात, ताडपत्रीखाली. गावकऱ्यांनी गव्हर्नरकडे माणसं मागितली. उत्तर आलं, की त्या तुकडीवर सध्या माझा हुकूम चालत नाही. बांधावर वाळूची पोती टाकायला शाळामास्तर, दुकानदार असे लोक उभे राहिले. त्यांत सार्जंटचा धाकटा भाऊ होता. बांध खचला, तो वाहून गेला.

निरोप आला त्या दिवशी तुकडीला उत्तरेकडे निघायचे हुकूम झाले होते. कॅप्टन म्हणाला, चार दिवस थांब, मग रजा. सार्जंट "येस सर" म्हणाला आणि व्हॉल्व्ह तपासत राहिला. एकच व्हॉल्व्ह, पुन्हा पुन्हा.

मी ताजुद्दीनभाईंना सगळं सांगितलं. तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, ऑक्टोबरमध्ये त्यांचे वडील वारले. पासपोर्ट कफिलाकडे. तो म्हणाला, "लढाई खलास झाली की जा." तेव्हा ताजुद्दीनभाईंनी इथेच, मय्यत समोर नसताना, वडिलांची जनाज्याची नमाज पढली होती.

ते सार्जंटजवळ गेले आणि मला म्हणाले, "उल्हासभाऊ, विचारा, याचं गाव कुठल्या बाजूला?"

सार्जंटने होकायंत्र काढलं आणि वायव्येकडे बोट केलं.

"त्याला सांगा, तिकडे तोंड करून उभा राहा. जाता येत नाही तेव्हा एवढंच करता येतं. मी केलंय."

तो उभा राहिला. हेल्मेट काढून हातात घेतलं. ताजुद्दीनभाई त्याच्या शेजारी, मी मागे. दुपारचे अडीच वाजले होते. पाच मिनिटं गेली असतील. मग ट्रक सुरू झाले आणि तो चढून गेला.

तो सुखरूप परतला. गेल्या आठवड्यात त्याचं पत्र आलं. त्याने गार्डमध्ये पुन्हा नाव नोंदवलंय. लिहितो, "पुढच्या वेळी मला कोण बोलावेल ते माझ्या हातात नाही. पण पूर आला तर गावात कोणीतरी हवं."

ताजुद्दीनभाईंना काल विचारलं, घरी जाताय, खूश आहात ना? म्हणाले, "अजून काही कळत नाही. अब्बांच्या कबरीपाशी बसलो की कळेल."

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, आसावरीताईंनी आणि भगिनींनी इतक्या जणांचा स्वयंपाक केला, सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पण एका चुकीची माफी मला ताजुद्दीनभाईंकडेच मागायची आहे. त्या दुपारी ट्रकवर चढताना सार्जंट एक वाक्य बोलला होता. तुम्ही विचारलंत, काय म्हणाला? मी म्हटलं, काही नाही. मला ते तेव्हा सांगवलं नाही, मी पाइप गुंडाळायला लागलो. ताजुद्दीनभाई, तो म्हणाला होता, "याला सांग, आज माझ्या भावाला माती देणारा हा एकटाच होता."