कमरेची दोरी

(बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाचा डेक. तळातल्या एका रिकाम्या टाकीचं झाकण उघडलेलं. तोंडाशी तिघं: चीफ ऑफिसर, खलाशांचा म्होरक्या सारंग, आणि सारंगाच्या बहिणीचा नवरा, ज्याला सगळं जहाज दाजी म्हणतं.)

चीफ : तोंड पाडू नका हो, सारंग. जायचं, उचलायचा, वर यायचं. युद्धावर पाठवत नाहीये मी कुणाला.

सारंग : साहेब, हा ड्रोन आणला कशाला? टाकीत माणूस उतरवायला लागू नये म्हणून. जेवणाच्या खोलीत सगळ्यांना बसवून तुम्हीच सांगितलंत. टाळ्यासुद्धा वाजवल्या आम्ही.

चीफ : मग? आधी तोच उतरला ना?

सारंग : उतरला, आणि तळाला जाऊन पडला. आता त्याला आणायला माणूस.

चीफ : टाकीचे सगळे फोटो त्याच्या पोटात आहेत. सकाळी तपासणीवाले आले की पहिलं तेच मागतील. फोटो नाहीत तर जहाज धक्क्याला लागत नाही. आणि मग मी कॅप्टन होतोय म्हणून जे पेढ्यांची वाट बघतायत, त्यांनी खुशाल बघत बसावं.

सारंग : पाठीवरच्या हवेच्या बाटल्या किनाऱ्यावर भरायला गेल्यात. उद्या येतीलच. तोवर थांबू. टाकी फार दिवस बंद होती, साहेब. गंज आतली हवा खाऊन टाकतो. डोळ्यांना काही दिसत नाही आणि माणूस बसल्या जागी जातो.

चीफ : पंखा लावला होता ना काल?

सारंग : त्याची नळी अर्ध्यापर्यंतच पोचते.

चीफ : मग तुम्हीच उतरा. लवकर आटोपेल.

दाजी : त्यांचा गुडघा कुठे वाकतोय, साहेब? माझ्या लग्नातही खुर्ची सोडली नव्हती त्यांनी. मी जातो. मेहुणे, दोरी आवळा कमरेला. हळू, पोट आहे ते, पोतं नाही.

सारंग : दाजी, तुम्ही नाही जायचं. ताईला काय सांगू मी?

चीफ : सारंग, याला जहाजावर घ्या म्हणून माझ्या केबिनबाहेर कोण उभं राहिलं होतं? पडेल ते काम करेल म्हणालात. मी तुमच्या शब्दावर घेतला.

दाजी : जाऊ द्या हो. ताईला सांगा, तुझ्या भावाचे लाड पुरवायला गेलो. चला, उतरलो मी.

सारंग : वॉकीटॉकी चालू ठेवा. बोलत राहा. गप्प बसलात तर ओढून काढीन.

दाजी : आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बोलत राहा म्हणालं. घरी उलटं असतं.

चीफ : दिसला का रे?

दाजी : अजून शिडीच संपली नाही, साहेब... हं, आलो तळाला. चिखल आहे. तो बघा, कोपऱ्यात पडलाय, रुसल्यासारखा. छातीवरचं यंत्र वाजायला लागलं बरं का.

सारंग : वाजलं म्हणजे हवा नाही तिथे. फिरा मागे.

चीफ : ते जुनं आहे, उगाच वाजतं. उचल ड्रोन.

दाजी : उचलला. जड आहे हो. हा धरून शिडी नाही चढता येणार, दोन्ही हात लागतात.

चीफ : मग कमरेची दोरी सोड. ड्रोनला बांध. तो आम्ही वर घेतो, तू मागून सावकाश ये.

सारंग : दोरी सोडायची नाही, दाजी. ड्रोन टाका आणि या.

चीफ : रिकाम्या हातानं वर आलास, तर पुढच्या बंदरात सामान बांध. तूही आणि तुझा मेहुणाही. सारंग, सांगा त्याला.

दाजी : मेहुणे... सोडू का दोरी? तुम्ही म्हणाल तसं.

चीफ : सांगा.

सारंग : ... सोडा, दाजी. पण लगेच शिडी धरा.

दाजी : गाठ बसेना. बोटं कुणाची आहेत कुणास ठाऊक. हसूच येतंय मला.

चीफ : बघा, मजेत आहे तुमचा दाजी.

सारंग : ही मजा नाही, साहेब. दाजी, झालं का?

दाजी : बांधला. ओढा.

चीफ : हळू ओढा, सारंग. पाती आपटतील.

सारंग : दाजी, शिडीवर पाय ठेवलात?

दाजी : ठेवतो. जरा बसतो आधी. किती गार आहे इथे.

सारंग : बसू नका. उठा. दाजी, ताईचं नाव घ्या. काहीतरी बोला. दाजी.

चीफ : आला वर. वाचला बाबा, एक पातं वाकलंय फक्त.

सारंग : दाजी. अहो दाजी. साहेब, बाजूला व्हा, मी उतरतो.

चीफ : एक पाऊल पुढे टाकू नका. एकाला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघंही राहतात. नियम पाठ आहे ना? आधी ड्रोन, मग माणूस.

सारंग : मघाशी कुठे होता तुमचा नियम?

चीफ : बॅटरी बदलली, पातं सरळ केलं. सोडतो मी त्याला खाली. त्याच्या कॅमेऱ्याचा पडदा तुम्ही धरा, माझे हात अडकलेत. काय दिसतंय?

सारंग : शिडी. चिखल. दाजी.

चीफ : कसा आहे?

सारंग : भिंतीला टेकून बसलेत. डोळे उघडे. एक हात कमरेशी आहे, दोरी चाचपत असल्यासारखा.

चीफ : हलतोय का हात?

सारंग : नाही.

चीफ : नीट बघा.

सारंग : नीटच बघतोय. नाही.

चीफ : मग आता बाटल्या येईपर्यंत थांबू.