फोटोपुरतं मशीन

बाबा : हसू दे गं मला. फीत कापल्यावर तुझ्या साहेबांचा पहिला शब्द काय, तर ‘पृथ्वीमाता’! इतकी वर्षं त्यांचं पेट्रोल विकतोय मी. कधी ‘जेवलात का’ म्हणून विचारलं नाही.

मुलगी : बाबा, कंपनी बदलतेय. माणसं नाही का बदलत?

बाबा : बगळा डोळे मिटून बसला म्हणून माशांनी टाळ्या वाजवायच्या नसतात.

मुलगी : आणि तेल संपल्यावर काय विकाल? हवा?

बाबा : हवा मी फुकट देतो. चारही चाकांत.

मुलगी : तुम्हाला थट्टा सुचतेय. ‘तेलवाले आणि हिरवी वीज? दाखवायचे दात!’ असं लोक तोंडावर म्हणायचे मला. मी भांडत राहिले. चार्जिंगचं मशीन आपल्या पंपावर बसावं म्हणून साहेबांची पाठ सोडली नाही. आजचा एक दिवस तरी टोमणे नकोत.

बाबा : बरं बाई. लावलं तोंडाला कुलूप.

टेम्पोवाला : नमस्कार. मशीन न्यायला आलोय.

मुलगी : कुठलं मशीन?

टेम्पोवाला : हे काय, हिरवं. पानाचं चित्र असलेलं. उद्या पुलापलीकडच्या पंपावर उद्‌घाटन आहे.

मुलगी : काहीतरी घोळ झालाय तुमचा. हे इथंच राहणार आहे, कायमचं.

टेम्पोवाला : ताई, मागच्या पंपाचे मालकही असंच म्हणाले होते. मशीन एकच आहे हो, उद्‌घाटनं तेवढी पाच. हा बाजूचा पोचा बघा. माझ्याच हातून आदळलं होतं, गोदामाच्या दारात.

मुलगी : पण मी स्वतः पेपरात बातमी दिलीय! पाच पंप, पाच मशीनं!

टेम्पोवाला : फोटोंत पाचच दिसतात ना.

मुलगी : बाबा, गप्प का? हसा ना आता!

बाबा : कुलूप लावलंय ना मी. काय हो, टेम्पो कशावर चालतो तुमचा?

टेम्पोवाला : डिझेलवर.

बाबा : वा! पृथ्वीमातेचं वाहन. भरायचंय?

टेम्पोवाला : भरा. तोवर मी हे चढवतो. अरेच्चा! एरवी एकटा ढकलत नेतो मी. आज जागचं हलत नाही!

बाबा : जेवून आला नाहीत वाटतं.

टेम्पोवाला : खाली काय केलंय हो? सिमेंट?

बाबा : काल संध्याकाळीच पाय गाडले त्याचे. वरचा थर तेवढा सकाळचा. फोटोला उभं राहताना साहेबांचा बूटसुद्धा उमटलाय, तो बघा. शिवाय वायरमनकडून लाइन जोडून घेतली. आता ते खरोखर चालतंय.

टेम्पोवाला : मग साहेबांना काय सांगू मी?

बाबा : सांगा, मशीनला मुळं फुटली. हिरवंच आहे ना ते?

[टेम्पो रिकामाच निघून जातो.]

मुलगी : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

बाबा : मागच्या पंपवाल्यानं उद्‌घाटनाचा फोटो पाठवला होता. त्यात हाच पोचा. काल मशीन उतरवलं आणि ओळख पटली.

मुलगी : मला का नाही सांगितलंत?

बाबा : सांगणार होतो. पण सकाळी तू ठेवणीतली साडी नेसून आलीस. माझी जीभच रेटेना.

मुलगी : आता माझी नोकरी गेलीच समजा.

बाबा : साहेबांचा फोन आला तर म्हण, बाप हेकेखोर आहे, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. खोटं बोलावं लागणार नाही तुला.

मुलगी : पण तुमचा तर विश्वासच नाही ना या सगळ्यावर?

बाबा : कंपनीवर काडीचा नाही. पण लोकांची बोलणी खाऊन तू ते आणलंस. आणि यांनी फोटो काढून माझ्या दारातून उचलून न्यायचं?

मुलगी : बाबा...

बाबा : रडणं मग. आधी तो पाइप आण इकडे. सिमेंटला पाणी मारायला हवं.