आप्पांनी ओवलेला प्रोग्रॅम

तुम्ही आज पडद्यावर रेणू फिरवता, त्याचं मला कौतुकच आहे. पण माझा प्रोग्रॅम आमच्या आप्पांनी दोऱ्यात ओवला होता, ठाऊक आहे?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. रेणूत कुठला अणू बदलला की औषध जास्त लागू पडेल, हे प्रयोगाआधीच गणितानं सांगायचं, हे माझं काम. त्यासाठी प्रोग्रॅम, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा, मुंबईला नेऊन कॉम्प्युटरला द्यायचा. आठवड्यातून एकदाच पाळी यायची, आणि एक कार्ड मागेपुढे झालं की आठवडा फुकट.

आप्पा धामणकर नाक्यावर लूम, म्हणजे कापड विणायचा माग, चालवायचे. साडीच्या काठाची नक्षी तिथंही भोकांच्या पुठ्ठ्यांवरूनच उतरते, आणि ते पुठ्ठे क्रम चुकू नये म्हणून दोऱ्यात ओवलेले असतात.

एकदा आप्पांनी रात्री फडक्यात बांधून ठेवलेला गठ्ठा मी न उघडता तसाच नेला. ऑपरेटरनं फडकं सोडलं, एक कार्ड उचललं, तर मागोमाग सगळी माळच वर आली!

"मॅडम, ये क्या है? तोरण?"

मी मान ताठ करून म्हटलं, "माझ्या वडिलांचं काम आहे. कात्री द्या."

दोरा काढला. आप्पांनी तो कार्डांच्या मूळच्याच भोकांतून ओवला होता; नवं भोक एकही नाही, क्रम जिथल्या तिथं. प्रोग्रॅम एका दमात चालला.

घरी येऊन सांगितलं, "आप्पा, ते मशीन ओवलेली कार्डं घेत नाही हो."

"घेत न्हाय? आमचा लूम तर घेतो," आप्पा म्हणाले. "तुझं मशीन नवीन हाय गं अजून. शिकंल."